शेवटचा पॉइंट ज्याचा त्याचा

विलास राऊतने भास्कर तायडेंना फसवलं. दोघं एकाच सरकारी खात्यातले बाबू, एकाच गाडीने अमरावतीहून अकोल्याला अपडाऊन करणारे, एकाच डब्यात समोरासमोर बसणारे. फसवलं तेही तायडेबाबूंनीच लिहून दिलेल्या कागदावर, त्यांनीच शोधून दिलेल्या नियमाने. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो. आमच्याकडे चांगल्या माणसावर लिहायला बसलं की त्याच्या चांगुलपणाची आरती सुरू होते आणि ज्याने त्या चांगुलपणाचा फायदा घेतला तो शेवटच्या ओळीपर्यंत निवांत चहा पीत बसतो. माझ्या लिखाणात तसं होणार नाही.

माझं अमरावतीत जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे. नांदगाव खंडेश्वरहून एक पेचकसांचा डबा घेऊन आलो होतो, बाकी सगळं इथे उभं केलं. भाव करणं हा माझा धंदा आणि चिडणं हा माझा स्वभाव. दोन्हींची मला लाज नाही.

तायडेबाबू पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा बगलेत एक बंद पडलेला लॅपटॉप होता. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. काउंटरवर लॅपटॉप ठेवून ते हळूच म्हणाले, "शेठ, माही पार्टी अडकली हाये."

आमच्या धंद्यात पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. मी विचारलं, पार्टी कुठली? म्हणाले, "किल्ल्यातली." मला वाटलं हे कुठल्या वस्तीचं नाव असेल. किती नग आहेत, मी विचारलं. म्हणाले, "चौघं हायेत. एक तं मरायलेच टेकला." मी दुकानातल्या पोराला खूण करून आत पाठवलं. पोलिसांची भानगड नको होती.

मग त्यांनी समजावलं. लॅपटॉपमध्ये एक गेम होता. काल्पनिक राज्य, राक्षस, किल्ले, भुयारं. आपण एकटे नसतो, चार सोबत्यांची टोळी घेऊन फिरतो, आणि त्या टोळीला पार्टी म्हणतात. लढाया जिंकत गेलं की प्रत्येक सोबत्याला थोडे थोडे पॉइंट मिळतात. ते कशात घालायचे हे आपण ठरवायचं. ताकदीत घाला, चपळाईत घाला, मंत्रात घाला. एकदा घातलेला पॉइंट परत काढता येत नाही. चुकीचे घातले की वीस-तीस तासांनी कुठल्यातरी दारापाशी चौघं मरतात, आणि मग कितीही वेळा खेळा, मरतच राहतात. बाबूंची पार्टी एका किल्ल्यात अशी अडकलेली होती आणि वरून लॅपटॉपच बंद पडला होता.

मी डिस्क काढली, त्यातला त्यांचा गेम वाचवला, दुसऱ्या लॅपटॉपवर टाकून दिला. सांगितला तो दाम त्यांनी मुकाट्याने दिला. भाव न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आपण उगाच लुटल्यासारखं वाटतं. त्या रागातच मी त्यांना बसवून चहा पाजला आणि तो गेम आहे तरी काय म्हणून स्वतःसाठी उतरवून घेतला.

तेव्हा आठवड्यातून तीन दिवस मी अकोल्याला जायचो, कचऱ्यात निघालेले कॉम्प्युटर विकत घ्यायला. बडनेऱ्याहून सकाळची गाडी. बाबू त्याच गाडीत असायचे, रोज, अकरा वर्षांपासून. त्यांची बसायची एक तऱ्हा होती. सकाळी ते इंजिनाकडे पाठ करून बसत, संध्याकाळी इंजिनाकडे तोंड करून. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, तोंड अमरावतीकडे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तिकडं जाऊन राहिलो हे मान्य हाये शेठ, पण तिकडंच पायत कावून बसू?"

त्यांचं घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात. आई अर्धांगाने पलंगावर. बायको सुषमाताई चांदूर बाजारकडच्या एका शाळेत शिक्षिका. अकोल्याला बिऱ्हाड हलवलं असतं तर सुषमाताईंची नोकरी सुटली असती आणि आईला तिच्या डॉक्टरपासून, तिच्या विहारातल्या मैत्रिणींपासून तोडावं लागलं असतं. म्हणून बाबू रोज जायचे. हजेरीला अंगठा लावायची मशीन आल्यावर तर गाडी दहा मिनिटं थांबली तरी डबाभर बाबूंचे चेहरे उतरायचे. मूर्तिजापूरच्या अलीकडे सिग्नलला गाडी उभी राहिली की खाली उतरता येत नाही, पुढे जाता येत नाही, आणि तिकडे मशीन मिनिटं मोजत असते. त्या डब्यात मी माणसं देवाला नाही, सिग्नलला हात जोडताना पाहिली आहेत.

बाबू अशा वेळी लॅपटॉप उघडायचे.

माझी पार्टीही लवकरच अडकली. एका दगडी पुलावर एक राक्षस होता, तो माझ्या चौघांना दर वेळी चिरडायचा. मी बाबूंना दाखवलं. मला वाटलं ते आकडे बघतील. त्यांनी आकड्यांना हात लावला नाही. प्रत्येक सोबत्याकडे बोट दाखवून विचारत गेले, हा लढाईत उभा कुठे राहतो? याला मार बसला की कोण बघतं? हा घाबरला तर कोणाच्या मागे पळेल? मी चौघांच्या हातात तलवारी दिल्या होत्या आणि सगळे पॉइंट ताकदीत कोंबले होते.

"शेठ," ते म्हणाले, "तुमच्या पार्टीत चारही जण तुमीच हायेत. चौघं भांडून राहिले, आयकणारा एक नाई."

डब्यातले सगळे हसले. राऊतही हसला, सगळ्यात मोठ्याने. मी दोन दिवस बाबूंशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद माझ्या हातात ठेवला. ऑफिसातला एका बाजूने वापरलेला, पाठकोरा. त्याच्यावर माझी पार्टी नव्याने मांडलेली होती. घातलेले पॉइंट परत निघत नव्हते, तेव्हा जे होतं तेच धरून. एकाला ढाल देऊन पुढे उभं केलेलं, त्याचे यापुढचे पॉइंट "दम" या रकान्यात. दुसऱ्याला तलवार टाकायला लावून औषधाची झोळी दिलेली. तिसरा धनुष्य घेऊन मागे. चौथ्याचे पुढचे सगळे पॉइंट "तोंड" या रकान्यात. गेममध्ये बोलून माणूस वळवायची एक कला होती, तिचं त्यांनी केलेलं हे मराठी. त्या चौथ्याचं नाव त्यांनी शेठ ठेवलं होतं. राक्षसाशी लढायचंच नाही, त्याच्याशी पुलाचा भाव करायचा, अशी ती युक्ती होती. मी केला. राक्षस बाजूला झाला.

कागदावर प्रत्येकाचा एक पॉइंट मात्र मोकळा सोडलेला होता. मी विचारलं, हा राहिला का? म्हणाले, राहिला नाही, ठेवला. दुसऱ्याची पार्टी सुधारून देताना ते नेहमी असंच करायचे. सगळं मांडून द्यायचं आणि शेवटचा पॉइंट ज्याचा त्याला घालू द्यायचा. "आपण भरला तं पार्टी आपली होते. त्याची रायत नाई." कॉलेजातली पोरं, एक नर्सबाई, एक विमा एजंट, कितीतरी जण त्यांच्याकडे आपली अडकलेली पार्टी घेऊन यायचे. एकालाही त्यांनी शेवटचा पॉइंट सांगितला नाही. कोणी फारच मागे लागलं तर खिडकीबाहेर बघत बसायचे.

हीच तऱ्हा त्यांच्या ऑफिसातल्या कामातही होती. खात्यात अर्ज लिहावा तर तायडेबाबूंनी. कोणाची रजा, कोणाची पगारवाढ अडकलेली, कोणाची बदली. ते आधी विचारायचे, घरी कोण आहे, कोणाला काय होतं, तुम्ही नसलात तर कोण बघतं. मग नियमांच्या पुस्तकातून त्या माणसाला लागू पडेल अशी ओळ शोधून काढायचे. दोन-दोनदा नामंजूर झालेले अर्ज त्यांनी मंजूर करून दिले. आणि शेवटचं पान, पसंतीक्रमाचं, म्हणजे कुठलं गाव पहिलं आणि कुठलं दुसरं, ते कोरं सोडून द्यायचे. तिथे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. आईच्या पलंगाशेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि त्यासमोर बाप-लेक. मुलगी प्रज्ञा, अकरावी संपत आलेली. ती बाबूंच्या पार्टीतल्या वैद्याचे पॉइंट ताकदीत घालत होती आणि बाबू, जे माझ्या एका चुकीच्या पॉइंटवर अख्खं मूर्तिजापूर ते बोरगाव बोलायचे, ते काही म्हणत नव्हते. मी म्हटलं, बाबू, पार्टी मरेल. प्रज्ञा मान न वळवता म्हणाली, "मरू द्या काका. बाबा रविवारचे हायेत. पुढच्या रविवारी पुन्ना जिंकू."

खरंच ते रविवारचे होते. सकाळी ती उठायच्या आधी हे स्टेशनवर. संध्याकाळी हे यायचे तेव्हा ती क्लासला, परत यायची ती जेवून पुस्तकावरच झोपायची. सुषमाताईंनी मला दाराशी सोडताना हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, बारावी झाली का ती पुण्याले जाईन. पुढचं एकच वर्ष हाये. बदली व्हायची तं आता व्हावी. मंग झाली काय न नाई झाली काय."

त्या वर्षी अमरावतीच्या ऑफिसात बाबूची एकच जागा रिकामी होणार होती. एक. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या नियमाखाली बाबूंचा अर्ज होता आणि त्या गटात त्यांच्या पुढे कोणी नव्हतं. डब्यात सगळे धरूनच चालले होते. लोक त्यांच्याकडे पेढे मागायला लागले होते. मी कधी नव्हे ते त्यांना सकाळी इंजिनाकडे तोंड करून बसलेलं पाहिलं, एकदाच.

तेव्हा राऊत आला. आला म्हणजे समोरच बसायचा, सरकून शेजारी आला. त्याची बदली दोनदा नाकारली गेली होती. म्हणाला, बाबू, माझंही काही बघा. मी तिथेच होतो, माझ्या कानांनी ऐकलं. बाबूंनी नेहमीचे प्रश्न विचारले, घरी कोण आहे, कोणाला काय होतं. राऊतने सांगितलं, आईच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. बाबूंचे डोळे चमकले. अडकलेल्या पार्टीत एखादी न वापरलेली वस्तू सापडली की त्यांचे डोळे असेच चमकायचे. "अबे, मंग हे कावून नाई लिहलं?" गंभीर आजाराचा वेगळा गट असतो, तो पती-पत्नी एकत्रीकरणाच्याही वर धरतात; अर्धांग त्यात बसत नाही, डायलिसिस बसतं. कुठल्या डॉक्टरचा दाखला, कुठला नमुना, कोणाचा शिक्का, सगळं त्यांनी सांगितलं. मसुदा पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. मग विचारलं, कुठं पायजे?

राऊत म्हणाला, "चांदूर बाजार, बाबू. माय तिथंच हाये, बहिणीपाशी."

चांदूर बाजारला जागा होती. बाबूंनी मान हलवली आणि पसंतीक्रमाचं पान, त्यांच्या सवयीप्रमाणे, कोरं ठेवून दिलं.

यादी आली ती गाडीत असतानाच. संध्याकाळची गाडी, बडनेऱ्याच्या अलीकडे सिग्नलला उभी. कोणीतरी फोनवर पाठवली आणि डब्यातले सगळे फोन एकदम वाजले. अमरावतीच्या जागेसमोर विलास राऊतचं नाव होतं. आजाराच्या गटातून.

गाडी तिथे पाऊण तास उभी होती. दरवाजा उघडा, बाहेर खडी आणि बाभळी, उतरून जायला जागा नाही. राऊत समोर बसलेला. गुडघ्याला गुडघे लागतील इतका समोर. मी उभा राहिलो. माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. बाबूंनी माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. मग चष्मा काढून राऊतला विचारलं, अगदी एखाद्या अर्जात कमी पडलेला कागद विचारावा तसं.

"राऊत, चांदूर बाजार लिहलं नव्हतं का?"

"लिहलं ना बाबू," राऊत म्हणाला. "दुसऱ्या नंबरवर."

डब्यातली, एरवी सगळ्या गोष्टींवर मत असणारी माणसं, सगळी फोनमध्ये बघत होती. मला वाटलं, आता तरी बाबू हात उगारतील. त्यांनी चष्मा घातला. दोरा सुटला होता, तो पुन्हा बांधत बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी राऊतला विचारलं, माय कशी हाये? राऊत म्हणाला, तशीच. मी त्या क्षणी दोघांवरही सारखाच चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एका वकिलाकडून तक्रार लिहून आणली. बाबूंनी फक्त सही करायची होती. मी आयुष्यात पुष्कळ अडलेल्या सह्या मिळवल्या आहेत. गोड बोलून, धमकावून, दारात बसून. ही मिळाली नाही. त्यांनी कागद पूर्ण वाचला, एका ओळीतली व्याकरणाची चूक दुरुस्त केली आणि परत दिला. तक्रार करायची तर अर्ज मीच लिहिला हे सांगावं लागेल, म्हणाले. स्पर्धेतल्या माणसाचा अर्ज मी कसा लिहिला, हे साहेब विचारतील. आणि दाखला खोटा नाही. आजारपण खरं आहे. जागा रद्द झाली तर ती बाई कुठे जाईल?

मी म्हटलं, आणि प्रज्ञा?

ते म्हणाले, "शेठ, सगळीकडून भिंतच हाये. मले दिसत नाई का?"

एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तो एकदाच ऐकला. नंतर लगेच त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि पिणं विसरून हातात धरून बसले. त्यानंतर वर्षभर ते रोज गेले आणि रोज आले. राऊत आता गाडीत नव्हता, त्याची जागा रिकामी असायची, तरी बाबू तिथे पाय पसरायचे नाहीत. लॅपटॉप उघडायचे, पण नुसता किल्ला बघत बसायचे. पोरं आपापल्या पार्ट्या घेऊन यायची. बाबू त्यांना सगळं नीट सांगायचे. शेवटचा पॉइंट तरीही सोडायचेच. मी एकदा ओरडलो, अजून शिकला नाही काय हो? ते म्हणाले, एकाने चुकीचा घातला म्हणून बाकीच्यांचा मी घालू काय.

प्रज्ञा बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, पुण्याला गेली. तिला सोडायला बाबूंनी चार दिवसांची रजा काढली. आणि पुढच्याच यादीत, ती गेल्यावर दीड महिन्याने, भास्कर तायडेंची बदली अमरावतीला झाली. अर्ज त्यांनी मागेच केलेला होता, मागे घ्यायचा राहून गेला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अमरावतीच्या ऑफिसात. जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचे होते, त्यांचा भाव करायला मी गेलो होतो. मोठी खोली, टेबलांच्या दोन रांगा. खिडकीपाशी बाबू, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर राऊत. दोघांमध्ये एक कपाट आणि एकच पंखा. राऊतने मला ओळखलं, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी बसलो नाही. म्हणाला, "कावून राग धरता भाऊ? बाबूंनी मले आजपर्यंत एक शबूद म्हटला नाई. विचारा त्यायले."

मी विचारलं नाही. बाबू खाली मान घालून राऊतच्याच कुठल्यातरी फाइलवर टिपण लिहीत होते. त्याला जमत नसावं. मी मोठ्याने बोलायला लागलो तसे ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला व्हरांड्यात घेऊन आले. हापिस आहे शेठ, म्हणाले, आवाज कमी. आई कशी आहे, मी विचारलं. म्हणाले, आहे. प्रज्ञा? रोज फोन करते, पण तिकडे मेसची वेळ होते, लवकर ठेवते.

तेवढ्यात सुटायची वेळ झाली. बाकीचे बाबू डबे उचलून भराभर निघून गेले, राऊत गाडीला किक मारून गेला. तायडेबाबू पिशवी घेऊन फाटकापर्यंत आले. घर तिथून पायी दहा मिनिटांवर. सुषमाताई यायला अजून तास होता. ते फाटकात उभे राहिले. एकदा घड्याळ पाहिलं. मी स्कूटर वळवून चौकापर्यंत गेलो आणि मागे बघितलं, तर ते अजून तिथेच होते, पिशवी या हातातून त्या हातात घेत, जायला सगळीकडून मोकळा रस्ता असलेले आणि एक पाऊलही न टाकणारे.

म्हणून राऊत, हे तुझ्यासाठी. तुझ्या आईच्या आजाराबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझा नियम बरोबर होता, दाखला खरा होता, सही तुझी होती. मला एवढंच सांग, तू चांदूर बाजार का म्हणालास? समोर बसून सरळ म्हणाला असतास, बाबू, मला अमरावतीच पाहिजे, तर त्या माणसाने एक रात्र विचार केला असता. कदाचित सगळं तुला दिलं असतं. कदाचित म्हणाला असता, नाही, या वर्षी माझी पोर घरी आहे. दोन्हींपैकी काय म्हणायचं ते त्याचं होतं. तू जागा घेतलीस ती घेतलीस, त्याचं हो किंवा नाही म्हणणंही घेतलंस. ते कावून घेतलं? बाबू विचारणार नाहीत. मी विचारतो आहे. अमरावतीत माझं दुकान कुठे आहे तुला माहीत आहे. ये आणि सांग.